अण्णांचं ऐकणारं टेबल

बंद पडलेली वस्तू अण्णांना बघवायची नाही. पंखा असो, मिक्सर असो, गिऱ्हाइकाचा मोबाईल असो, ते आधी तिच्यावर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटून गप्प उभे राहायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसे. मग निकाल द्यायचे, "चालू हाय हे. फक्त बोलून न्हाई राह्यलं." एखादी वस्तू मेली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. सगळ्या चालूच असायच्या, फक्त बोलत नसायच्या, आणि त्यांना बोलतं करणं हे आपलं काम आहे असं अण्णा धरून चालायचे. त्यातल्या कितीतरी नंतरही बोलायच्या नाहीत, पण म्हणून अण्णांचं मत बदललं नाही.

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची खानावळ होती आणि तिला लागून माझा कॉम्प्युटरचा क्लास. मध्ये एक भिंत. क्लास अजून आहे, खानावळ नाही. अण्णा आता घनसावंगीला लेकीकडे असतात आणि त्यांचं ते टेबल माझ्याकडे आहे. जाताना म्हणाले, "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, ताई. फक्त चालू करू नका." मी ते कधी चालू केलेलं नाही.

खानावळ अण्णांची, असं आपलं म्हणायचं. भाकरी थापायच्या काकू, भाजी करायच्या काकू, वाढायच्याही काकूच. अण्णा गल्ल्यावर बसायचे, तेही मान खाली घालून, कारण पुढ्यात कुणाचा तरी उघडलेला रेडिओ असायचा. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. जालन्याहून सकाळच्या गाडीने येणारे मास्तर, कचेरीतले लोक आणि संशोधन केंद्रावर बियाणं न्यायला आलेले शेतकरी हे त्यांचं गिऱ्हाईक. कुणी "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की "बराबर हाय" एवढंच उत्तर मिळायचं. मी शेजारीण, त्यात कॉम्प्युटरवाली, म्हणून माझ्याशी चार शब्द जास्त. मी कॉम्प्युटर शिकवते खरी, पण माझा त्या डबड्यावर काडीचा विश्वास नाही, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. उगाच माणसाचं मन कशाला मोडा!

काकूंचा एक नेम होता. माणूस टेबलाशी बसला की त्याच्या पुढ्यातली जागा त्या ओल्या फडक्याने स्वतः पुसायच्या, मगच ताट ठेवायच्या. हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. टेबल आधीच स्वच्छ आहे म्हटलं तर म्हणायच्या, "असंल. पण तुमच्यासाठी कुठं पुसलंय?" एकदा मला क्लासची घाई होती, मी आपलं ताट ओढून घेतलं आणि पहिला घास मोडला. काकूंनी माझ्या पुढ्यातून भरलं ताट उचललं, जागा पुसली आणि ताट परत ठेवलं. मी चिडले. "गार होऊन राह्यलं ना, काकू!"

"होऊ द्या. पुसल्याबिगर कुणापुढं ताट सरकवायचं म्हंजे काय ताई, कुत्र्याला टाकायचंय का?"

त्यानंतर मी त्यांच्या घरी काय आणि माझ्या घरी काय, पुसल्याशिवाय कुणाला वाढलं नाही. अण्णा सगळ्यांच्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर, दुपारी जेवायचे. आणि ते जेवल्याशिवाय काकू तोंडात घास घालायच्या नाहीत. मी त्यांना जुन्या वळणाच्या म्हणून चिडवायचे, त्या नुसत्या हसायच्या.

जालन्यात लोखंड वितळवणारे कारखाने आहेत, त्यामुळे तिथल्या भंगारात काय येईल याचा नेम नाही. अण्णांना तिथे हिंडायचा नाद होता. एके दिवशी टेम्पोतून ते एक टेबल घेऊन आले. जाड लोखंडी पाय, वर लहान खाटेएवढी काळीभोर काच. बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीने पाहुण्यांना पिकं दाखवायला ते ठेवलं होतं म्हणे, आता नवीन घेतलं म्हणून हे काढून टाकलेलं. अण्णांनी काचेवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "चालू आहे, बोलत नाही, हो ना?" अण्णा पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

पुढे बरेच दिवस ते त्या टेबलाच्या पोटात डोकं घालून असायचे. मग एका संध्याकाळी भिंतीवर थाप पडली. जाऊन बघते तर काच उजळलेली, आणि तिच्यावर कापसाचं हिरवंगार झाड. बोंडावर बोट ठेवलं की ते हळूहळू फुटायचं, पांढरा कापूस बाहेर यायचा. अण्णांनी काकूंना बोलावलं. "लाव, बोट लाव. घाबरू नको. ऐकतं ते." काकूंनी पिठाचा हात पदराला पुसला, एक बोट लावलं. बोंड फुटलं. काकूंनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अन् मंग वेचायचा कोणी?"

अण्णांच्या डोक्यात वेगळंच होतं. काकूंचे गुडघे दुखायचे. दिवसभर या टेबलापासून त्या टेबलाला, "काय आणू भाऊ, काय आणू मास्तर" करत हिंडावं लागायचं. या टेबलाला बसलेला माणूस काचेवरच्या चित्राला बोट लावील आणि काकूंना चुलीपाशी बसल्या जागी कळेल, अशी त्यांची योजना. मला त्यांनी भाकरी, पिठलं, शेवभाजी, ठेचा, ताक सगळ्यांचे फोटो त्यात घालायला लावले. मी घातले. दिसायला फार छान दिसत होतं, यात शंका नाही.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. त्या टेबलाच्या कडांमधून काचेवरून एक न दिसणारा उजेड फिरायचा आणि त्याच्या आड जे येईल त्याला ते बोटच समजायचं. ताट ठेवलं की शेवभाजी मागवली जायची. तांब्या ठेवला की ताक. जालन्याच्या एका मास्तरांनी कोपर टेकवलं तर त्यांच्या नावावर ठेच्याचा ढीग लागला. शेवटी मास्तर बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवले, आणि समोर एवढं मोठं टेबल रिकामं. दुपारी दारातून ऊन आलं की ते उन्हालाही बोट समजायचं, म्हणून अण्णांनी दाराला पोतं टांगलं. मग आत अंधार. त्यात लाईट गेली की सगळाच आनंद. ज्यावर काही ठेवायची सोय नाही त्याला टेबल म्हणायचं कशाला, हे मी अण्णांना विचारणार होते, पण त्यांचं तोंड बघून गप्प बसले.

आणि काकूंचं फडकं तर त्या यंत्राचा वैरीच. गिऱ्हाईक बसलं, काकूंनी जागा पुसली की सगळी खानावळ एकदम मागवली जायची.

"अगं, पुसू नको त्येला!" अण्णा गल्ल्यावरून ओरडायचे.

"पुसू नको तर वाढू कशी?"

हे भांडण आठवडाभर चाललं आणि काकू जिंकल्या. टेबल आतल्या, त्यांच्या राहत्या खोलीत गेलं, त्यावर गोधड्या रचल्या गेल्या आणि लोक पुन्हा फळीच्या टेबलांवर सुखाने जेवू लागले. अण्णांनी मनाला लावून घेतलं नाही. "चालू हाय ते," म्हणाले. "काम न्हाई सापडलं त्येला अजून."

ते काम सापडलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात काकू चुलीपुढेच कलंडल्या. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास भिंतीपलीकडे मला आला, तेव्हा कळलं. जालन्याच्या दवाखान्यातून परत आल्या त्या उजवी बाजू गमावून आणि बोलणं गमावून. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना थोडंफार, पण शब्द सापडत नाहीत. घशातून नुसता एक आवाज यायचा, कण्हल्यासारखा. घनसावंगीहून लेक आली, राहिली, पण तिचं सासर, तिची लहान मुलं. दर आठ-पंधरा दिवसांनी जीपने येऊन जायची. खानावळ बंद झाली.

घरी आणलं त्या दिवशी मी बघायला गेले तर अण्णा खाटेपाशी उभे होते. काकूंच्या कपाळावर तळहात आणि डोळे मिटलेले. मी पायरीवरच थांबले. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, "चालू हाय ताई ती. फक्त बोलून न्हाई राह्यली." मी क्लासमध्ये परत आले, दार लावून घेतलं आणि रडले.

अण्णांनी काकूंचं सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, कुंकू लावलं. वेणी घालायला ते माझ्याकडून शिकले, सुतळीवर. सकाळ बरी जायची. दुपार झाली की मात्र काकूंना काहीतरी व्हायचं. अण्णांकडे टक लावून बघायच्या, घशातून तो आवाज काढायच्या, डावा हात हलवायच्या, आणि मग डोळ्यांतून पाणी. पाणी पाहिजे? नाही. दुखतंय? नाही. संडासला? लेकीला फोन लावू? पंखा? पांघरूण? अण्णा एकेक वस्तू आणून त्यांच्यापुढे धरायचे आणि त्या मान हलवायच्या. दमून झोप लागेपर्यंत हे चालायचं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा.

"रोज काहीतरी मागून राह्यली, ताई," अण्णा मला भिंतीपाशी गाठून सांगायचे. "एकच मागून राह्यली. सगळ्या गावाला वाढलं तिनं, कुणाला काय पाहिजे ते तोंड बघून समजायचं तिला. अन् तिला काय पाहिजे ते मला समजून न्हाई राह्यलं. काहून समजत नसंल?"

मी म्हटलं, समजेल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोधड्या उतरवून टेबल बाहेर काढलं.

मी म्हणाले, अण्णा, फोटोच दाखवायचे तर मोबाईल काय वाईट आहे? त्यांचं उत्तर तयार होतं. मोबाईल लहान, तिचा हात कापतो. "अन् तिचा सगळा जल्म टेबलापाशी गेलाय. टेबलाला वळखंल ती." हे ऐकून मी निमूट कामाला लागले. पाणी, चहा, औषध, पंखा, संडास, लेक, नातवंडं, देव, भाकरी, मोठमोठे फोटो घातले. भिंतीचं छिद्रन्छिद्र बुजवून अण्णांनी खोलीतलं ऊन घालवलं. काकूंना उशा लावून खुर्चीत बसवलं, टेबलाच्या पलीकडे स्वतः बसले, आणि काच उजळली.

काकूंनी काचेकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. मग डावा हात उचलला. तो हात काचेवर आडवा टेकला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरला. पुन्हा फिरला. सगळे फोटो एकावर एक उघडले आणि टेबल बंद पडलं.

अण्णांनी परत चालू केलं. काकूंनी परत पुसलं.

रोज हेच. व्यायाम करून घ्यायला एक जण यायचे, ते म्हणाले, ही सवयीची हालचाल आहे, जन्मभर टेबलं पुसली, मेंदूला तेवढं वळण राहिलंय, त्यात अर्थ शोधू नका. हात धरा आणि एक बोट टेकवायला शिकवा. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर अण्णांनी मनगट धरायला सुरुवात केली. काकू हात सोडवून घ्यायच्या, अण्णा धरून ठेवायचे. "एक बोट, फक्त एक बोट लाव गं," म्हणून विनवायचे. मग त्यांनी पुठ्ठा आणला, फोटोएवढी भोकं पाडून काचेपासून जरा उंचावर बसवला, म्हणजे बोटच आत जाईल. काकूंनी पुठ्ठा पुसला. मग हाताला रुमाल बांधला, एक बोट मोकळं ठेवून. त्या बांधलेल्या हाताने काकू काच पुसत राहिल्या आणि रडत राहिल्या. मला ते बघवेना, मी जायचं कमी केलं.

पण अण्णा भिंतीवर थाप मारायचे. "ताई, अजून एक फोटो टाका." काकूंचं माहेर अंबडकडचं. अण्णा एसटीने तिकडे जाऊन फोटो काढून आणायचे. विहीर, चिंच, काकूंच्या वारलेल्या भावाचं घर, गोठा. काकूंचा काही नवस राहिला असेल असं मनात आलं म्हणून अंबडच्या देवीची ओटी भरून आले, आणि देवीचाही फोटो. ते गेले की मी काकूंपाशी बसायचे. संध्याकाळी ते उतरायचे ते घाईघाईने, घामाघूम, मोबाईल पुढे धरलेला. "जल्दी टाका ताई, हेच असंल. ह्येच मागून राह्यली असंल ती." प्रत्येक वेळी त्यांना खात्री असायची. मी फोटो घालायचे. दुसऱ्या दुपारी काकू त्या विहिरीवरून, चिंचेवरून आणि देवीवरून हात फिरवायच्या, सगळं पुसून काढायच्या आणि अण्णांकडे बघायच्या.

अण्णांचा सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसायला लागला. "जेवलात का?" विचारलं की "बराबर हाय." चहात बिस्कीट बुडवून उभ्या उभ्या खायचे, तेही आठवलं तर. मी डबा पाठवायचे, तो तसाच परत यायचा. एकदा मी रागावले तर म्हणाले, "भूक बोलून न्हाई राह्यली, ताई." मला त्या वाक्याची भीती वाटली.

आणि एका दुपारी अण्णांनी भिंतीवर थाप मारली नाही, भिंत बडवली. "ताई! लावलं! बोट लावलं तिनं!" मी चपला न घालता धावले. काकूंचं बोट काचेवर होतं, एकच बोट, आणि त्याखाली भाकरीचा फोटो. अण्णा चुलीकडे पळाले. कधी थापली नव्हती ती भाकरी त्यांनी थापली, वेडीवाकडी, करपलेली. दुधात कुस्करली, चमचा काकूंच्या ओठाला लावला. काकूंनी ओठ घट्ट मिटले. अण्णांनी पुन्हा लावला. काकूंनी डाव्या हाताने त्यांचा हात मागे लोटला. पुन्हा लावला, पुन्हा लोटला, त्यांच्याच तोंडाकडे. "अगं, तूच मागितली ना! तूच बोट लावलं ना आत्ता!" वाटी कलंडली. दूध काचेवर पसरलं, आणि त्या दुधालाही बोट समजून टेबल एकेक फोटो उघडायला लागलं, विहीर, देवी, नातवंडं, पंखा.

अण्णांनी काचेवर मूठ मारली. "ऐकत न्हाई हे! काहीच ऐकत न्हाई!" एवढ्या वर्षांत त्यांनी वस्तूवर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. मग लगेच सदऱ्याच्या टोकाने दूध टिपायला लागले, आणि टिपता टिपता त्यांचं डोकं काचेवर टेकलं. ते हुंदके देत होते आणि त्यांच्या कपाळाखाली फोटो उघडत होते, मिटत होते. समोर काकू रडत होत्या. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि माझ्या हातून काहीही होत नव्हतं.

थंडी सुरू होता होता एका पहाटे काकू गेल्या. झोपेतच, दुसरा झटका. अण्णांनी कपाळावर हात ठेवला असणार, पण या वेळी काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा ते काहीच बोलत नव्हते.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परतली की शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, घरच्यांनी दोन घास खायचे. कडू घास म्हणतात त्याला. दुपारी मी माझ्या घरून तो घेऊन गेले. लेक ओट्यावर बायकांत बसलेली, पाहुणे खानावळीत. अण्णा आत एकटे, त्या टेबलाशी बसलेले. समोर काकूंची खुर्ची, उशा तशाच. काच काळी, बंद. पाहुण्यांनी सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, ते पाण्याचा घोटही घेत नव्हते.

काचेवर हाराच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, धूळ. मी फडकं ओलं केलं, पिळलं आणि अण्णांच्या पुढ्यातली जागा पुसायला लागले. या घरात तीच शिस्त मला लागली होती.

अण्णांनी माझं मनगट धरलं. घट्ट. काकूंचं धरायचे तसंच.

"काय करून राह्यल्या, ताई?"

"पुसून घेते, अण्णा. पुसल्याशिवाय कसं वाढू?"

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग बोटं सैल केली.

"परत पुसा."

मी पुसलं. ते फडक्याबरोबर नजर फिरवत होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"हाक न्हाई मारायची ती मला," अण्णा म्हणाले. "कधीच न्हाई मारली. गर्दी गेली की दुपारी कोपऱ्यातलं टेबल पुसायची अन् माझ्याकडं बघायची. मंग म्या उठून यायचो जेवायला." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "दुपारीच, ताई."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"ती काही मागून न्हाई राह्यल्ती. मला जेवायला बोलवून राह्यल्ती. एवढे दिवस. उपाशी बघून राह्यल्ती ती मला." आणि मग दोन्ही हात पुढे करून, ते कुणाचे तरी असावेत तसे त्यांच्याकडे बघत म्हणाले, "अन् म्या तिचा हात धरून ठेवून राह्यल्तो. बांधला म्या तो."

मी म्हणाले, असं नाही अण्णा, ती सवय होती, ते व्यायामवाले सांगत नव्हते का? मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. भाकरीच्या फोटोवरचं ते बोट आणि अण्णांच्या तोंडाकडे लोटलेला चमचा माझ्याही डोळ्यांपुढे होता. अण्णांनी नुसती मान हलवली.

"वाढा," म्हणाले.

मी ताट ठेवलं. त्यांनी भाकरी मोडली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाकातून गळत होतं, ते पुसत नव्हते, जेवत होते. एक भाकरी संपली. "अजून द्या." दुसरी संपली. कडू घास दोनच खायचे असतात, पण मी त्यांना अडवलं नाही. दारात लेक येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून बघत राहिली. अण्णांनी बोटाने निपटून ताट स्वच्छ केलं, कणही ठेवला नाही, आणि बाजूला सारलं.

मग ते उठले. माझ्या हातातलं फडकं घेतलं. टेबलाला वळसा घालून काकूंच्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्या पुढ्यातली काच पुसली, नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फडकं बाजूला ठेवलं आणि त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.